दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला

काशीला जाऊन आलेला माणूस गंगेचं सांगतो, काश्मीरला जाऊन आलेला बर्फाचं सांगतो. मी अंधेरीला जाऊन आलो, तेव्हा मी माझ्या पोटाचं सांगणार. कंटाळा आला तर खुशाल उठून जा. पण एवढं ध्यानात घ्या की बाकीचे प्रवासी रस्त्यानं गेले, या प्रवासात रस्ता मीच होतो. प्रवास केला तो डॉक्टरांनी, दिवा आणि दुर्बीण घेऊन, माझ्या तोंडातून खाली. मला स्वतःला तिथलं काडीचंही दिसलं नाही. जे दिसलं ते आमच्या मंडळींना, म्हणजे सौ.ला दिसलं, त्यामुळे पुढच्या वर्णनात थोडं तिखटमीठ निघालं तर दोष तिचा.

मी तीस वर्षं सरकारच्या मोजणी खात्यात काढली. सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवर मी दुर्बीण रोवून उभा राहिलोय. समोर दूरवर गडी पट्टी धरून उभा, आणि मी एक डोळा मिटून त्याच्या नावानं ओरडतोय, "हलू नको रे! जरा म्हणून हलू नको!" पेन्शन घेऊन कराडला स्थायिक झालो आणि पोटानं डोकं वर काढलं. जेवण झालं की तासाभरात बरगडीखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. सोडा झाला, ओवा झाला, वैद्यांच्या पुड्या झाल्या. स्टँडवरची कांदाभजी मी सोडली असं घरी सांगून झालं. अंगरखे ढगळ व्हायला लागले तेव्हा सौ.चा धीर सुटला.

गावच्या डॉक्टरांनी मला चुन्यासारखा पांढरा काला पाजून पोटाचा फोटो काढला. तो खिडकीशी धरून ते म्हणाले, "इथे कडेला खाच दिसते. साधी जखम असेल, नाहीतर दुसरं काही." ते 'दुसरं काही' त्यांनी खिडकीबाहेरच्या बैलगाडीकडे बघत सांगितलं. आम्हाला कळायचं ते कळलं. फोटोवरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, तेव्हा पोट उघडूनच बघू, असं ठरलं आणि दोन आठवड्यांनंतरचा सोमवार मुक्रर झाला.

"न बघता कापणार?" घरी येताच सौ. म्हणाली. "मोजणी झाल्याशिवाय तुम्ही कधी कुणाला बांध फोडू दिलात?"

तिचा धाकटा भाऊ वसंता अंधेरीला राहतो, फोर्टातल्या कचेरीत नोकरी करतो. त्याच्याकडून उलट टपाली पत्र आलं. त्याच्या घराजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर होते. पोट न कापता ते तोंडातून दुर्बीण घालून आत बघायचे, बुधवारी आणि शनिवारी. ताबडतोब निघा, दाजी, झकास काम होईल, असं त्यानं लिहिलं होतं. माझ्या पोटात दुर्बीण जाणार यात झकास काय ते मला कळलं नाही, पण सौ.नं तोवर वळकटी बांधलीसुद्धा होती.

अंधेरी, मंगळवार

आगगाडीचं काही सांगत नाही. अंधेरी स्टेशनावरून घोडागाडीनं घरी गेलो. कराडच्या माणसाला मुंबई म्हणजे चार मजली चाळी वाटतात, पण इथे ताडाची झाडं, भाताची खाचरं, मध्येच सिनेमाचा स्टुडिओ, आणि त्याच्या फाटकाशी एक राजा मुकुट काखेत मारून भेळ खात उभा. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की मी हातानं टोपी धरली. वसंताची बायको कुमुद खो खो हसली. "दाजी, ते टोपीसाठी नाही उतरत हो!"

इस्पितळाची सूचना वसंतानं कागदावर लिहून आणली होती. रात्री आठनंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. पोट कोरडं ठाक पाहिजे. झालं! सौ.नं माझ्यावर असा पहारा बसवला की तुरुंगाच्या शिपायानं धडा घ्यावा. माठावर पाट, पाटावर वरवंटा. पहाटे मी चूळ भरायला मोरीत गेलो तर ही दारात उभी. "थुंका. सगळं थुंका. मला आवाज आला पाहिजे."

बुधवार

निघायची वेळ झाली. देवाला नमस्कार झाला, वसंता पुढे झाला, मी चपला घातल्या. एवढ्यात सौ.नं "थांबा" म्हटलं, आत गेली, आली. मी सवयीनं उजवा हात पुढे केला, तिनं त्यावर दही घातलं, मी ते चाटलं, हात धोतराला पुसला आणि निघालो. मोजणीच्या फेरीवर निघताना तीस वर्षं हेच होत आलंय. माझ्या मनात काही आलं नाही, तिच्या मनात काही आलं नाही, कुमुद दारात उभी होती तिच्याही मनात काही आलं नाही.

डॉक्टर तिशी-पस्तिशीचे, किडकिडीत, बोलायला मोकळे. त्यांनी पेटीतून नळी काढली. हात-सव्वा हात लांब असेल असं मी धरून चाललो होतो, निघाली दीड हाताच्या वर. वरचा अर्धा भाग ताठ, खालचा रबरानं मढवलेला, लवचिक. टोकाशी वाटाण्याएवढा विजेचा दिवा. माझ्यातला मोजणीदार जागा झाला.

"डॉक्टर, दुर्बीण सरळच बघते. वाकली की आंधळी. आणि माझं पोट काही सरळ नाही."

"बरोबर," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणून या वाकणाऱ्या भागात एक-दोन नाही, पुष्कळ भिंगं आहेत, अगदी जवळजवळ. पहिलं भिंग चित्र पकडतं, दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. रस्त्याच्या कामावर बायका घमेली देतात ना हातोहात? रांग जरा वळली तरी घमेलं पोचतंच. फार वाकवली तर मात्र अंधार."

"आणि पोट तर मिटलेलं असतं, पिशवीसारखं. दिसणार काय?"

"हा रबरी फुगा दाबायचा, हवा आत जाते, पिशवी फुगते. आणि दुर्बीण समोर नाही बघत, बाजूला बघते. टोकाशी तशी काच आहे. मी नळी हळूहळू फिरवतो, म्हणजे भिंती दिसतात."

पद्धत चोख होती. एका ठिकाणी उभं राहून चौफेर नजर फिरवायची, हेच आम्ही करत आलो. मी समाधानानं मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं की आधी एक साधी रबरी नळी घालून पोटात काही राहिलंय का ते ओढून बघतात, कारण टोकाच्या काचेवर काही चिकटलं की सगळा खेळ खलास.

ती साधी नळी गेली. ओकाऱ्यांनी माझ्या नाकी नऊ आले. आणि बाहेरच्या भांड्यात आलं काय, तर दही.

डॉक्टरांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सौ.कडे पाहिलं. सौ.चा चेहरा उतरला.

"काही खाल्लं नाही त्यांनी," ती म्हणाली. "देवाशप्पथ. मी रात्रभर जागी होते."

"मग हे काय आहे, आई?"

"ते होय! ते खाणं नव्हे हो, निघतानाचं दही. एवढंसं चमचाभर."

डॉक्टरांना हसू फुटलं. विलायतेत त्यांना चहा पिऊन येणारे भेटले होते, बिअर पिऊन येणारे भेटले होते, शुभेच्छा पिऊन आलेला पहिला मीच. पण काम होणार नाही म्हणजे नाही. आता शनिवारी या, हात हलवत या, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

दाराशी सखाराम उभा होता. हा तिथला जुना नोकर, पूर्वी गिरणीत होता, देवगडकडचा, खांदे दरवाजाएवढे. तो सौ.ला म्हणाला, "वायट वाटून घेव नकात. माजी आवस असती तर तिनापण घातल्यान असता." आवस म्हणजे त्याची आई. आणि समजूत काढायला म्हणून त्यानं आम्हाला भिंतीवरची लाकडी फळी दाखवली. तिच्यावर अशाच नळ्यांमधून लोकांच्या नरड्यातून, श्वासनळीतून काढलेल्या वस्तू तारेनं बांधून ठेवल्या होत्या. उघडी सेफ्टी पिन, चिंचोका, शर्टाचं बटण, माशाचा काटा, दोन दातांची अर्धी कवळी. पूर्वी असल्यांचे गळे चिरायला लागायचे, आता सरळ नळी घालायची, चिमट्यानं उचलायचं. मूत्राशयातले खडे बघायला वेगळी नळी, फुप्फुसात बघायला वेगळी. देवळाच्या पुजाऱ्यानं मूर्ती दाखवाव्यात तसा तो एकेक वस्तू दाखवत होता.

"कवळी कोणाची?" मी विचारलं.

"एका पाव्हण्याची. लग्नाक गेल्लो, जिलबी खाताना गिळल्यान. कवळी मागूक आलो नाय परत!" सखाराम म्हणाला.

परतताना वाटेत सौ. बोटांवर वार मोजत होती. ऑपरेशनचा सोमवार आणि आमच्यामध्ये आता एक शनिवार उरला होता.

आरे कॉलनी, शुक्रवार

दोन दिवस घरात बसून ही वेडी होईल म्हणून वसंतानं रजा टाकली आणि आम्हाला आरे कॉलनी दाखवायला नेलं. मुंबईतल्या तबेल्यांतल्या म्हशी उचलून सरकारनं इथे जंगलात आणून ठेवल्यात. गोरेगावहून बस जाते, दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच पाड्यावरची एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललेली. आणि पुढे म्हशी! ओळीनं उभ्या, खाली धुतलेली फरशी. आमच्या कराडला काही माणसांच्या घरात एवढी स्वच्छता नाही, नावं घेत नाही.

मी बराच वेळ त्या म्हशींकडे बघत राहिलो. एकेकीच्या पोटाचे चार कप्पे, आणि एकाचीही फिकीर नाही. निवांत रवंथ चाललाय. मला त्यांचा हेवा वाटला.

तिथे बाटलीतून थंड दूध मिळतं. वसंतानं तीन बाटल्या आणल्या. मला लहानपणापासून दुधाचा तिटकारा, सायीचा तर वास सहन होत नाही. मी बाटली परत केली. "वासरांचं वासरांना द्या," म्हटलं. वसंतानं ती स्वतः पिऊन टाकली.

टेकडीवर बाग आहे. वसंता बसची वेळ बघायला गेला तेव्हा आम्ही दोघंच बाकावर होतो. सौ. म्हणाली, "मी तुमचा शनिवार घालवला असता तर मला उभ्या जन्मात चैन पडलं नसतं."

"बुधवार घालवलास. शनिवार शिल्लक आहे."

"थट्टा पुरे झाली. मी दही का दिलं ठाऊक आहे? तुम्ही परत यावं म्हणून. एवढी वर्षं तुम्ही रानोमाळ गेलात, साप, विंचू, नदीनाले, पण दरवेळी परत आलात. मला वाटतं ते दह्यामुळेच. ते न देता तुम्हाला पाठवायचं म्हणजे माझ्या हातून होईना."

मी तीस वर्षं हात पुढे करत आलो होतो, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मला फार भीती वाटत होती, तीही मी तोवर सांगितली नव्हती. ती त्या बाकावर सांगून टाकली. 'दुसरं काही' निघालं तर कापायचं नाही, मला घरी न्यायचं, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

पुन्हा अंधेरी, शनिवार

निघताना मी हात मागे बांधून उभा राहिलो. सौ.नं दह्याची वाटी आणली, आपल्याच तळहातावर घेतलं आणि आपणच चाटलं. "तुमच्या वतीनं," म्हणाली.

इस्पितळात एक सुई टोचली, त्यानं तोंड कोरडं पडलं. घशाला कडू औषध लावलं, जीभ लाकडाची झाली. डाव्या कुशीवर निजवलं. सखारामनं खुर्ची घेऊन माझं डोकं दोन्ही पंजांत धरलं.

"आता मान माजी," तो म्हणाला. "तुमची नाय. घाबरू नकात, श्वास घेत ऱ्हवा. लाळ गिळू नकात, भायर जाव देत. आणि हलू नकात."

हलू नको! तीस वर्षं ज्या गड्यांना मी उन्हात उभं करून हे ओरडत आलो, त्या सगळ्यांची मला त्या घटकेला आठवण झाली. मनातल्या मनात मी एकेकाची माफी मागितली.

नळी आत जाताना काय वाटतं? दुखत नाही, पण गळ्यात कुणी छत्री घालतंय असं वाटतं. मग पोटात हवा भरली आणि ढेकर येईल की काय अशी लाज वाटायला लागली. खोलीत अंधार केला होता. मला दिसत होतं ते फक्त सखारामच्या सदऱ्याचं एक बटण. मी श्वास मोजत होतो आणि कान डॉक्टरांकडे लावले होते. ते नळी फिरवत होते, गप्प होते. डॉक्टर गप्प असणं किती वाईट असतं ते तिथे पडल्याशिवाय कळायचं नाही.

मग ते अचानक म्हणाले, "आई, तुम्हाला बघायचंय? लवकर या. डोळा इथे लावा."

बांगड्या वाजल्या. तिचा श्वास माझ्या कानाशी आला. लग्न झाल्यापासून जे पोट ती भरत आली होती ते बघायला ती वाकली होती.

"अगबाई," ती म्हणाली. "किती लाल आहे. ओलं आहे. घड्याच आहेत सगळ्या." मग एकदम किंचाळली, "डॉक्टर! ते पांढरं! मी आज दही दिलं नाही हो! वसंताला विचारा, मी स्वतः खाल्लं!"

सखारामचे हात गदगदले. बिचारा हसू दाबत होता आणि त्याबरोबर माझं डोकंही हलत होतं. डॉक्टर मात्र हसले नाहीत, नळी हलणार म्हणून असेल. ते म्हणाले, "ते दही नाही. तीच जखम. कडा बघा, कशी गोल आणि साफ आहे. भोवतीचं सगळं मऊ, निरोगी. 'दुसऱ्या'च्या कडा अशा नसतात, त्या वेड्यावाकड्या, चढलेल्या असतात."

नळी बाहेर आली. मी उठून बसलो तेव्हा सौ. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडत होती आणि सखाराम तिला पाणी देत होता. पेशंट कोण ते कळेना.

डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन थांबवायची चिठ्ठी दिली. पण तेही खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "नव्वद टक्के साधी जखम. उरलेले दहा औषधानं ठरतील. सहा आठवड्यांनी पुन्हा या. साधी असेल तर भरून आलेली दिसेल. भरली नसेल तर मग कापायलाच हवं."

"औषध काय?" सौ.नं विचारलं.

"दूध. तासातासाला, पेलाभर."

वसंता दारात उभा होता. त्याला शुक्रवारची बाटली आठवली आणि तो हसत हसत व्हरांड्यात गेला.

सहा आठवड्यांनंतर

त्या सहा आठवड्यांचं वर्णन मी करत नाही. तासातासाला घड्याळ, घड्याळाला सौ., सौ.च्या हातात पेला. मी दूध पीत होतो आणि आरेच्या प्रत्येक म्हशीची क्षमा मागत होतो. स्टँडकडे तर मी नजर वर करूनही पाहिलं नाही. निखारा हळूहळू विझत आला, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला मन धजेना. दहातला एक मीच निघालो तर?

पुन्हा अंधेरी, पुन्हा कडू औषध, पुन्हा डावी कूस. "इलात मां," सखाराम म्हणाला आणि मान ताब्यात घेतली.

नळी गेली. डॉक्टर फिरवत राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग म्हणाले, "आई, या. मागच्या वेळचं ते पांढरं शोधून द्या मला."

बांगड्या वाजल्या. ती बघत होती. मला तिच्या श्वासावरून कळत होतं की ती शोधतेय. डॉक्टर नळी जराशी फिरवत होते, विचारत होते, "इथे?" ती म्हणत होती, "नाही." "इथे?" "इथेही नाही." मोजणीत हद्दीचा दगड सापडला नाही की आमचं धाबं दणाणायचं, कारण दगड हरवला की भाऊबंदकी आलीच. जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हणत होतो, दगड सापडू देऊ नकोस.

"फक्त एक बारीक रेघ आहे," सौ. म्हणाली. "पांढरं कुठं गेलं?"

"भरून आलं," डॉक्टर म्हणाले. "ती रेघ म्हणजे व्रण. झालं आपलं काम."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकावरून ओघळून सखारामच्या हातावर पडलं. त्याला कळलं. तो वाकून हळूच म्हणाला, "रडा वाटलास तर. फकत हलू नकात."

बाहेर व्हरांड्यात आलो. घसा अजून बधिर होता, तासभर काही गिळायचं नाही असं सांगितलं होतं. त्या फळीखालच्या बाकावर आम्ही दोघं बसून राहिलो. सौ. व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघत होती. तास भरला तशी तिनं पिशवीतून पितळी डबी काढली. कराडहून निघताना विरजलेलं दही होतं, वाटेत जरा आंबटलं होतं.

"आता कशाला?" मी विचारलं. "काम तर झालं."

"निघताना द्यायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "हात पुढे करा."

मी हात पुढे केला.